एक पान कमी

“हा वास कसला, बाबा?”

“बियांचा.”

“बियांना वास येतो?”

“ह्यांना येतो.”

नरहरीनं उपरण्याचं टोक नाकाला लावलं. मोरीच्या कोपऱ्यात एक गाडगं होतं. वर फडकं, फडक्यावर चिलटं. त्यानं दोन बोटांनी फडकं उचललं आणि लगेच सोडलं.

“हे तर कुजलंय.”

“कुजायलाच ठेवलंय.”

“परवाच्या पंगतीतलं?”

“हं.”

“लोकांच्या पानांतलं? म्हणजे... उष्टं?”

बाबा पाय धूत होते. टाचा घासून झाल्या, मग म्हणाले, “लोकांनी खाल्लं, त्यातलं उरलं. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव.”

मी चुलीपुढं होतो. खिंडीखालच्या मठात भाकरी भाजायचं काम माझं. मला कुणी शिष्य म्हटलं नाही आणि मीही म्हणवून घेतलं नाही. शाळा म्हणाल तर दुसरीतनं पळालो. तेव्हा इथं लिहितोय ते नुसतं बघितलेलं आणि ऐकलेलं. त्यातनं अर्थ काढायचा तर तुमचा तुम्ही काढा. मला तेवढी सवड नाही.

मठ म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागं परस. परसात काशीगिरी बाबा टमाटे लावायचे.

साधे टमाटे नव्हेत. एक फळ मुठीत मावायचं नाही. वर रुंद, खाली निमुळतं. जुनी माणसं त्याला बैलकाळीज म्हणायची. आकार तसाच, आणि हातात घेतलं की जडही तसंच. रंग दोन. अंग हळदीसारखं पिवळं आणि खालच्या टोकाकडनं तांबडं वर चढत आलेलं. कापलं की पिवळ्या गरात तांबड्या रेघा. ओल्या हळदीतनं कुणी कुंकवाचं बोट ओढावं तशा.

म्हणून वर्षाचं पहिलं फळ खिंडीतल्या वाघजाईला जायचं. बायका त्याला हळदीकुंकवाचं फळ म्हणत. नरहरीला बैलकाळीज हे नाव तोंडात घ्यायला नको वाटे. तो म्हणे ‘हृदयफळ’. तो कशाबद्दल बोलतोय हे गावात कुणाला कळायचं नाही.

रोप मात्र दिसायला भिकार. पाला बारीक, लोंबता, घरात कुणीतरी गेल्यासारखा. नवखा माणूस बघतो आणि पाणी घालत सुटतो, नाहीतर रोग समजून उपटून टाकतो. आज माझ्या परसात हीच झाडं आहेत. माझी सून दरसाल म्हणते, “मामा, झाडं मेली वाटतं.” मी म्हणतो, “मी मेलो तर तुला कळंल. ही मेलेली तुला कळायची नाहीत. गप बस.”

आणि बियांच्या बाबतीत हे झाड महाकंजूष. दुसरा कुठलाही टमाटा कापा, बीच बी. ह्याच्यात सगळा गर, बी चिमटीभर. एका फळाच्या बियांत वाफा भरत नाही. म्हणून बाबा पानांमागं फिरायचे.

शेवटच्या तोडणीला मठात पंगत बसे. खोऱ्यातलं कुणीही यावं. भाकरी, आमटी, आणि पत्रावळीवर ह्या टमाट्याच्या फोडी, वर मीठ. जेवणं झाली की बाबा स्वतः उठायचे. गाडगं काखेला लावायचे आणि एकेका पत्रावळीपुढं वाकायचे. पानाचं टोक दुमडून त्यातला रस आणि बी गाडग्यात ओतायचे. ज्याचं पान त्याला विचारायचे,

“मीठ बरोबर होतं?”

माणूस म्हणायचा, होतं, बाबा. की बाबा त्यालाच हात जोडायचे.

“उपकार झाले.”

खाणारा बिचारा लाजून अर्धा व्हायचा. मी एकदा विचारलं, “बाबा, वाढलं तुम्ही, खाल्लं त्यांनी. मग उपकार त्यांचे कसे?”

बाबा म्हणाले, “मी एकट्यानं खाऊन खाऊन किती खाल्लं असतं?”

बाकी कधी समजावून सांगितलं नाही. विचारायच्या भानगडीत मीही पुन्हा पडलो नाही.

तर नरहरी.

मोठ्या पाठशाळेतनं शिकून आला होता. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. प्रवचनाला बसला की बायका पदर डोळ्याला लावायच्या. खोटं कशाला बोलू, एकदा मलाही हुंदका आला आणि भाकरी करपली. पण सोवळं भयंकर. आपलं पाणी आपण आणायचा. कुणाच्या दारचं घोटभर घ्यायचा नाही. माझ्या हातच्या भाकरीवर आधी पाणी शिंपडायचा, मग खायचा. मी म्हणायचो, “अरे, मऊ पडली ती, आता दोष मला देऊ नको.” तो हसायचाही नाही.

बाबांनी त्याला कधी अडवलं नाही. मला राग येई. बाबांना येत नसे.

बाबा थकले होते. त्यांच्यामागं गादी नरहरीचीच, हे सगळं खोरं धरून चाललं होतं. मठाची रीत अशी, की ज्यानं पिकवलेलं पहिलं फळ देवीपुढं जाईल त्यानं त्या जत्रेला गादीवर बसायचं. पंगतीच्या आदल्या दिवशीच बाबा त्याला म्हणाले होते, “आता पुढच्या साली वाफा तुझा.” नरहरीनं वाकून नमस्कार केला होता. उठला तो एक वीत उंच होऊनच.

आता त्या पंगतीत काय झालं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हौसा म्हातारी जेवायला आली होती. ओढ्याकाठी एकटी राहायची. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळायची. खोऱ्यातलं एक अंगण असं नव्हतं जे तिच्या केरसुणीनं झाडलं जात नव्हतं. मठाचंही. दरसालसारखी येऊन ओळीत बसली. बाबा आत देवापाशी होते. वाढत होता नरहरी. त्यानं तिच्या पानावर फोड टाकली, वरनं, हात लांब ठेवून. मग म्हणाला,

“आजी, तुम्ही जरा पलीकडे त्या उंबराखाली बसा.”

“का रं बाबा?”

“इथं देवाची माणसं बसलीत.”

“मग मी कुणाची?”

नरहरी पुढच्या पानाकडं वळला.

मी चुलीवरनं ओरडलो, “बसू दे की म्हातारीला!”

“तुम्ही तव्याकडे लक्ष द्या, गणपा.”

हौसा उठली. फोड पदरात बांधली. तोंड वाकडं केलं नाही, शिवी दिली नाही. मला ती शिवी देईल तर बरं असं वाटत होतं. “जेवा, देवाची माणसं,” एवढं म्हणाली आणि उतरणीला लागली.

बाबा बाहेर आले. गाडगं काखेला लावून ओळीनं वाकत, विचारत, हात जोडत शेवटपर्यंत गेले. शेवटाला थांबले.

“एक पान कमी आहे.”

मी म्हणालो, “हौसा उठून गेली.”

“का?”

मी हातातलं उलथणं नरहरीकडं केलं.

नरहरी म्हणाला, “त्या स्वतःहून गेल्या, बाबा.”

बाबा त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले.

“एक पान कमी,” पुन्हा म्हणाले. एवढंच.

त्याच पंगतीचं ते गाडगं. रस चार दिवस तसाच ठेवला की वर पांढरी साय धरते, घाण मारते, आणि बीवरचा बुळबुळीतपणा सुटून बी खाली बसतं. मग धुवायचं आणि सावलीत राखेवर पसरायचं. बाबांची ही रीत मला ठाऊक होती. नरहरीलाही सांगितलेली होती. पण कान असून काय होतं.

ज्या दिवशी त्यानं वास कसला विचारलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा आंघोळीला गेले आणि ह्यानं ते गाडगं काठीला अडकवून नेलं. मागच्या कड्यावरनं दरीत ओतलं. मी पिठात हात घालून बसलेलो, उठेपर्यंत काम झालं. मग राखेनं गाडगं घासलं. पुन्हा घासलं. उन्हात पालथं घातलं. आंघोळ केली.

बाबा आले. ओलं धोतर खांद्यावर.

“गाडगं लख्ख झालं.”

“हो बाबा. देवाच्या नैवेद्याचं बी लोकांच्या तोंडातलं... ते बरं नव्हे.”

“आणि बी?”

“ते त्या घाणीतच होतं.”

बाबांनी गाडगं उचललं. आत बघितलं. रिकाम्या गाडग्यात एवढा वेळ बघण्यासारखं काय असतं कोण जाणे.

मला वाटलं, आता चिमटा बसतो ह्याच्या पाठीत. कारण मठात जुनं बी नसायचं. बाबा एका सालापुरतंच ठेवायचे. परसातली झाडं तर पंगतीच्या दिवशीच उपटून खताच्या खड्ड्यात गेली होती.

“काळजी नसावी,” नरहरी म्हणाला. “माझ्याकडे शुद्ध बी आहे. कुणाचा हात लागण्याआधी एक फळ मी बाजूला काढलं होतं. पळीनं बी काढलं, गंगाजळानं धुतलं. देवाजवळ ठेवलंय.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले आणि धोतर वाळत घालायला गेले.

देवाजवळ म्हणजे कुठं, तर समईला टेकून. पितळेची डबी. आमच्या मठातली समई दिवसरात्र जळायची. मी झाडलोट करताना डबी उचलायचो तर बोटाला चटका. एकदा म्हटलं त्याला, “अरे, तापतंय हे.”

“ते तेज आहे, गणपा. तुम्हाला नाही कळायचं.”

नाही कळलं.

पाऊस ओसरल्यावर त्यानं वाफा केला. केला मात्र सुरेख, नावं ठेवायला जागा नव्हती. माती चाळणीनं चाळली, रेघा सुतानं आखल्या. नवं धोतर नेसून, मंत्र म्हणत एकेक बी टाकलं. गाव बघायला आलं होतं. कुणी कुणी वाफ्यालाच पाया पडून गेलं.

मग वाट बघणं.

शेजारी मी मेथी टाकली, ती उगवली. भाजीला झाली. आम्ही खाल्लीसुद्धा. वाफ्यात कोंब नाही.

आधी म्हणाला, उंदरांनी नेलं. मग मुंग्यांनी. मग म्हणाला, माती थंड आहे. एक दिवस मला म्हणाला, “गणपा, तुम्ही ह्या बाजूला चूळ भरता का?”

मी म्हणालो, “मी भरतो ती मेथीच्या बाजूला. ती आलीय बघ.”

त्यावर मात्र गप्प झाला. आणि मग गप्पच राहायला लागला. प्रवचन सोडलं. भाकरीवर पाणी शिंपडायचं विसरायला लागला. रिकाम्या वाफ्याला झारीनं पाणी घालायचा, हळू, कुणी निजलंय असं. मला त्याचा राग होता, तो कुठं गेला कळलं नाही. रिकाम्या मातीला पाणी घालणाऱ्या माणसावर किती दिवस रागावणार.

एका सकाळी त्यानं बोटानं माती उकरली. एक बी सापडलं. तळहातावर घेऊन बाबांकडं आला. बी तांबूस, कोरडं. भाजलेल्या तिळासारखं. नखानं दाबलं तर भुगा झाला.

“बाबा... संपलं.”

“काय संपलं?”

“हे बी. तुमच्या गुरूंच्या गुरूंपासून चालत आलेलं. माझ्या हातानं संपलं.”

बाबा दोरी वळत होते. वळत राहिले.

“गादीचं मी बोलत नाही,” नरहरी म्हणाला. “गादी नको मला. माझी लायकी नाही. पण देवीपुढं काय जाणार? आणि पुढच्या साली? त्याच्या पुढच्या? कुणाच्याच परसात आता ते फळ... मी काय करू, बाबा? सांगा. सांगाल ते करतो.”

दोरीचा पीळ सुटला. बाबांनी पुन्हा घातला.

“एक पान कमी होतं.”

“काय?”

“त्या दिवशी. पंगतीत.”

झालं. बाबांचं सांगणं तेवढंच असायचं. नरहरी वेड्यासारखा उभा. एवढं शिकलेला माणूस, पण कळेना. शेवटी मलाच राहवेना.

“अरे, गाडग्यात सगळ्यांच्या पानांतलं बी होतं, ते तू ओतलंस दरीत. एकीचं नव्हतं त्यात. तू उठवलेलीस ती.”

त्याचा चेहरा पडला. पायात वहाणा न घालता निघाला. मी मागनं. चूल तशीच सोडून.

ओढा लांब नाही. मठाच्या दारातनं हौसाच्या खोपटाचा धूर दिसतो. पण नरहरी आजवर कधी तिकडं उतरला नव्हता. पाऊलवाट त्याला माहीत नव्हती. मी पुढं झालो.

खोपटाच्या दाराशी चार दगड मांडलेली मोरी. मोरीच्या कडेला...

माझ्याआधी त्यानंच ओळखलं. बारीक पाला, माना टाकलेला. आत्ताच प्राण गेल्यासारखा. शिंदीच्या काठीला चिंध्यांनी बांधलेलं झाड. आणि त्या मेलेल्या पाल्याच्या आत एकच फळ. बैलाचं काळीज. अंगभर हळद, आणि कुंकू खालनं वर चढलेलं.

नरहरीचे हात जोडले गेले. झाडाला जोडले की खोपटाला, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसेल.

“कोन हाय?” हौसा केरसुणी वळत होती. मान वर केली नाही.

“मी गणपा.”

“आन त्यो लांब हुबा ऱ्हायलाय त्यो?”

“नरहरी.”

“अगं बया! देवाचा मानूस! वाट चुकला का काय?”

नरहरी दोन पावलं पुढं आला. “आजी, हे झाड...”

“माझं हाय.”

“कुठून आलं?”

“मला इचारतुस? तूच तर वाढलंस. पदरात बांधून आनलं, हितं बसून खाल्लं. मग पदर धुतला. पदराला चिकटलं आसंल बी. उगावलं. भांडी घासल्यालं पानी पीत उन्हाळा काढला त्यानं. मी काय बी केलं न्हाई.”

“त्याचं बी मठाला हवंय, आजी. मठातलं... मी टाकून दिलं.”

“का बरं?”

नरहरी म्हणाला, आणि स्पष्ट म्हणाला, “उष्टं होतं म्हणून.”

म्हातारी हसली. दात दोनच होते, पण हसली सगळ्या तोंडानं.

“आन ह्ये कुनाचं हाय मग?”

“फळ द्या, आजी. तुम्ही म्हणाल ते करीन.”

“फळ न्यायाचं न्हाई.” तिनं केरसुणी बाजूला ठेवली. “त्या दिशी मी उठून आले. आज तू बसून खा.”

मी ओढ्याकडं तोंड केलं. कुणाकडं बघायचं, काही कळेना. पण कान काही बंद करता येत नाहीत. कोयती दगडावर घासल्याचा आवाज आला. फळ तुटल्याचा आला. मग राहवेना, वळून बघितलंच.

हौसानं फळाची दोन भकलं केली होती. खापरीतलं खडेमीठ बोटानं चुरून वर टाकलं. एका भकलाचा लचका तोडला.

“पिकलंय का बघती,” म्हणाली. चघळलं. मान डोलावली. आणि तेच भकल, तिच्या दोन दातांची खूण असलेलं, नरहरीपुढं धरलं.

नरहरी उभा.

हौसाचा हात तसाच.

“लवकर घे बाळा,” ती म्हणाली. “हात भरून आला माझा.”

नरहरी बसला. खाली, मातीत, मोरीशेजारी. दोन्ही हात पुढं केले. जसे देवळात करायचा तसे. घेतलं. खाल्लं.

रस दाढीवरनं उपरण्यावर आला. मध्येच थांबला. मला वाटलं, आता ओकतो हा. पण डोळ्यांतनं येत होतं, तोंडातनं नव्हे. पुन्हा खायला लागला. साल ठेवली नाही, काही ठेवलं नाही. बी तेवढं गालात साठवत गेला.

मग खरी पंचाईत झाली. बी काढायचं कुठं? म्हातारीच्या सारवलेल्या अंगणात थुंकायचं तर ते त्याच्यानं होईना. आणि गिळलं तर मठच गिळला.

“ग्वाड हाय का?”

नरहरीनं मान हलवली. गाल फुगलेले. मग वाकून त्यानं डोकं तिच्या पायावर ठेवलं.

“आरं आरं, सांडंल तोंडातलं!” हौसा ओरडली. तिनं आपल्या भकलातलं बी मोरीत टाकलं. “माझं हितंच ऱ्हाऊ दे. आन जा आता. बोलू नकुस वाटंत.”

चढ छातीवरचा आहे. एरवी नरहरी त्या असल्या चढावरसुद्धा बोलत असायचा. माया, ब्रह्म, सगळं. त्या दिवशी नाकानं श्वास घेत गप्प. वाटेत दोघंतिघं भेटले. “जय हरी, महाराज.” ह्यानं नुसते हात जोडले. गावात बोभाटा झाला की महाराजांनी मौन धरलं. काही लोकांनी तर त्याचं माहात्म्य वाढवून सांगितलं. त्यांना काय ठाऊक, तोंडात काय आहे.

मी मात्र त्याच्या पाठोपाठ चालत होतो आणि मला त्याची सोबत पहिल्यांदा गोड लागत होती.

माझ्या परसातली झाडं त्याच गालातनं आलेली आहेत. मी सहसा कुणाला बरं म्हणत नाही, सून सांगेल तुम्हाला. पण मोसमातली पहिली फोड तोंडात घेतली की त्या सगळ्यांना हात जोडल्याशिवाय घास उतरत नाही. पदर धुणाऱ्या हौसाला. वाकणाऱ्या बाबांना. आणि गाल फुगवून चढणाऱ्या नरहरीलासुद्धा.

बाबा मोरीपाशी बसले होते. पुढ्यात तेच गाडगं, सुलटं. चुलीवर बघितलं तर आमटी उतरवून ठेवलेली. त्यांनीच.

नरहरी समोर येऊन उभा राहिला. बाबांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्याच्या तोंडाखाली धरली.

नरहरीनं मान नाही म्हणून हलवली. मागं सरला.

ओंजळ तिथंच.

तो वाकला. बाबांच्या हातात तोंड मोकळं केलं. पिवळट बी, रस, लाळ. चिमूटभरच.

बाबांनी ते उजेडाकडं धरून बघितलं.

“कुणाचं?”

“हौसाआजींचं,” नरहरी म्हणाला. सगळ्या चढानंतरचे त्याचे पहिले शब्द. “आणि... माझं.”

बाबांनी ओंजळ गाडग्यात रिकामी केली. बोटांना चिकटलेलं बी गाडग्याच्या काठाला निपटून घेतलं. फडकं बांधलं.

“वास येईल.”

“येऊ दे, बाबा.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. नरहरीपुढं उभे राहिले आणि त्यांनी त्याला हात जोडले.

“उपकार झाले.”

नरहरीनं त्यांचे हात धरून खाली घेतले. त्याला ते सोसेना. धरून ठेवले तसेच, आणि अचानक त्याचा चेहरा पांढरा पडला.

“बाबा... ते पहिलं फळ होतं. ह्या सालचं पहिलं.”

मीही दचकलो. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“देवीचं होतं ते. तिच्यापुढं न ठेवताच... आम्ही दोघांनी खाल्लं, बाबा. बसून खाल्लं. आता देवीला काय सांगू?”

देऊळ वर खिंडीत. बाबांनी वर बघितलं नाही. खाली, ओढ्याकडं बघत होते. हौसाच्या खोपटातनं धूर निघाला होता. म्हातारीनं चूल पेटवली असणार.

“मग परत जा खाली,” बाबा म्हणाले, “आणि तिला विचारून ये, मीठ बरोबर होतं का.”